राखेला रकाना नाही

मु. थोरली खडकी (आटपाडीहून एस.टी. जिथवर जाते तिथून पुढे चालत),
ता. २१ मे १९७८

लोणंद मुक्कामी सुभेदार हंबीरराव दाजी यांच्या चरणी, त्यांचा एकुलता एक मेहुणा लालासाहेब याचा, दोन्ही हात मनगटापर्यंत धुऊन, शिरसाष्टांग नमस्कार.

दाजी, पत्राच्या सुरुवातीला इकडचे सगळे ठीक आहे असे लिहायची आपल्यात रीत आहे आणि मी तसे लिहिणारही होतो. पण गेले पाच दिवस मी शाळेच्या व्हरांड्यात आडवा होतो आणि भिंत न धरता उभा राहायला लागलो तो काल सकाळपासून. ठीक आहे म्हणावे तर खोटे, नाही म्हणावे तर आक्का तिकडे डोळ्याला पदर लावणार आणि तुम्ही वाईला आबांना तार करणार. म्हणून एवढेच लिहितो की इकडचे बरेचसे ठीक आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? जिना चढू नका असे डॉक्टरने सांगितले असताना तुम्ही माळ्यावर चढून कौले चाळलीत असे शालूआक्काच्या कार्डात वाचले. फौजेतून निवृत्त झालेल्या माणसाला कुणीतरी हुकूम दिल्याशिवाय चैन पडत नाही हे मला मान्य आहे, पण गुडघा अजून निवृत्त झालेला नाही हे ध्यानात ठेवावे. म्हैस व्याली का, आणि काय झाले, तेही कळवावे. हे पत्र आबांना वाचून दाखवू नये. तुम्हीही जेवताना वाचू नये. (पुढचा मजकूर पोटाच्या बाबतीतला आहे.)

लाला सरकारात मोठा अधिकारी झाला असे आबा सगळ्या वाईत सांगत सुटले आहेत. वाईच्या घाटावरच्या एका गुरुजींनी मला निघताना चक्क 'साहेब' म्हटले, म्हणून खरे काय ते तुम्हाला सांगून ठेवतो. मी 'हंगामी मूल्यमापन निरीक्षक' आहे. हंगामी म्हणजे पहिला पाऊस पडेपर्यंत. मूल्यमापन हा शब्द मी नेमणुकीच्या कागदावरच पहिल्यांदा वाचला. त्याचा अर्थ असा, की गेल्या साली सातारा-सांगलीकडच्या काही गावांत 'स्वच्छ हात मोहीम' झाली. ज्यांनी ती केली ते आपापल्या टेबलाशी परत जाऊन बसले. आता त्या मोहिमेचा काही उपयोग झाला का, हे कुणीतरी गावात जाऊन बघायचे. तो कुणीतरी मी. (ज्यांनी मोहीम केली आणि ज्यांना ती तपासायची आहे ते दोघेही एकाच खोलीत बसतात आणि त्यांचा चहा एकाच किटलीतून येतो. ऑफिसचे नाव मुद्दाम लिहीत नाही. पत्र फुटले तर हंगाम लवकर संपेल.) मला एक पिशवी, चार पेन्सिली, एक खोडरबर आणि बेचाळीस प्रश्नांचे छापील फॉर्म मिळाले. गावातले दर पाचवे घर गाठायचे आणि बेचाळीस प्रश्न विचारायचे. त्यातला चौदावा प्रश्न म्हणजे सगळ्यांचा बाप: 'आपण जेवणापूर्वी साबणाने हात धुता काय?' उत्तराला चार रकाने. नेहमी, बहुधा, क्वचित, कधीच नाही.

दाजी, दर पाचवे घर हे ज्याने ठरवले त्याने पुण्यातली पेठ बघितली असणार. खडकीत घरे अशी पसरलेली आहेत, जशी पोत्यातून सांडलेली मटकी. कुठून मोजायला लागायचे, आणि गोठा धरायचा की नाही, ह्यातच माझी पहिली सकाळ गेली. एका वाटेने मोजत गेलो तर पाचवे घर म्हणून जागा निघाली, चूल निघाली, चुलीत राखही निघाली, पण घर निघाले नाही. विचारले तेव्हा कळले की ते घर मेंढरांबरोबर कोकणाकडे उतरले आहे आणि पाऊस लागला की परत येईल. फॉर्मवर 'घर बाहेरगावी गेले आहे' असे लिहिले.

मोहिमेने गावात तीन गोष्टी केल्या होत्या. देवळापुढे पडदा बांधून सिनेमा दाखवला होता, घरटी एक साबणाची वडी वाटली होती आणि भिंती-भिंतींवर निळ्या रंगाने माणसाच्या पंजाचे भले थोरले चित्र काढून खाली 'हात धुवा, रोग टाळा' असे लिहिले होते. हे झाले दिवाळीच्या सुमारास. आणि लगेच फेब्रुवारीत आली निवडणूक, आणि त्यात एका पक्षाची निशाणी निघाली पंजा. झाले. खडकीत दुसऱ्या पक्षाचे वजन. आपल्या भिंतीवर ह्यांनी आधीच येऊन निशाणी काढून ठेवली, ही केवढी लबाडी, म्हणून लोकांनी एका दिवसात सगळे पंजे शेण लावून सारवून टाकले. एका घरी मात्र तो जपून ठेवलेला दिसला. मी आनंदाने विचारले की ह्या चित्रातून तुम्हाला काय संदेश मिळाला, तर घरधनी इकडे-तिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, आमचं मत त्यांनाच होतं, पर लिवू नगासा. मी रकाना शोधला. तसा रकाना नव्हता.

साबणाचे म्हणाल तर तो घरोघरी सुखरूप होता. हरणाबाई नावाच्या एका बाईने तो लेकीच्या रुखवतात मांडायला ट्रंकेत ठेवला होता. कोंडीबा म्हणून एक मेंढपाळ आहे, त्याने मात्र वापरला. त्याने त्या साबणाने आपला एडका आंघोळ घालून पांढरा फेक केला आणि जत्रेत दुप्पट भावाने विकला. मोहिमेचा फायदा झाला का, ह्या प्रश्नाला सबंध गावात एकट्या कोंडीबाने छातीवर हात ठेवून व्हय म्हटले.

पण खरी गंमत चौदाव्या प्रश्नाची. पहिल्या दिवशी जेवढी घरे झाली तेवढ्यांनी सांगितले, आम्ही नेहमी साबणाने हात धुतो, आमचा आजा धुवायचा, पणजा धुवायचा. सरकारी माणसाला नाही कशाला म्हणायचे, उगीच नाव लागते, हा त्यातला सरळ हिशेब. मी खूश. संध्याकाळी पारावर कुणीतरी अशी हूल उठवली की जो 'धुवत नाही' म्हणेल त्याला आणखी एक वडी मिळणार. दुसऱ्या दिवशी सकाळपासून गावात हात धुणारा माणूस औषधाला मिळेना. आदल्या दिवशीचे लोक शाळेत येऊन मला विनवू लागले की काल चुकून बोललो, आमच्या सात पिढ्यांत कुणी हात धुतलेला नाही, ते खोडा. एक म्हातारा तर म्हणाला की आंघोळीच्या वेळीसुद्धा तो हात बाहेर ठेवतो. दाजी, मी बी.ए.ला अर्थशास्त्र घेतले होते. पण एक गाव एका रात्रीत शंभर टक्क्यांवरून शून्यावर कसे येते हे त्यात शिकवले नव्हते.

ह्या दोन दिवसांत एकाच माणसाने माझ्याशी खरे बोलून मला अडचणीत आणले. ती दगडाबाई. साठी उलटलेली, धनगरवाड्याच्या टोकाला एकटी राहणारी, गावाची सुईण. खडकीत आज जी माणसे मिशीला पीळ देऊन हिंडतात त्यातली बहुतेक हिच्या हातून ह्या जगात आलेली, त्यामुळे ती सरपंचापासून सगळ्यांना 'ए' म्हणते. तिच्या दारात करवंटीत चुलीची राख भरून ठेवलेली असते. मी उंबऱ्याशी गेलो तशी ती म्हणाली, हात दाव. मी दाखवले. तिने ते उलटेपालटे केले, नखे बघितली, आणि मला राख लावून, अर्ध्या वाटी पाण्यात हात चोळून धुवायला लावले. मगच बसायला घोंगडे टाकले. इथे पाणी मैलावरून डोक्यावर आणतात, दाजी. कृष्णेच्या घाटावर वाढलेल्या माझ्यासारख्याला अर्ध्या वाटीत दोन हात धुता येतात हे ठाऊकच नव्हते. तिचा साबण कोनाड्यात कागदासकट होता. वास लय गोड हाय म्हणून ठेवलाय, म्हणाली. चौदावा प्रश्न विचारला. तिने सांगितले की साबणाने कधीच नाही, राखेने मात्र जेवायच्या आधी, बाळंतिणीला हात लावायच्या आधी, आणि नंतर, गेली चाळीस वर्षे. मी चारही रकाने पुन्हा वाचले. राखेला रकाना नव्हता. शेवटी 'कधीच नाही' वर खूण केली. खूण करताना हात धुतलेला असूनही मळलेला वाटला, पण ते सोडा.

लोकांचे बोलणे ऐकून मूल्यमापन होत नाही, डोळ्यांनी बघितले पाहिजे, असे मग मी ठरवले आणि नेमके सरपंच आप्पासोंच्या नातवाचे जावळ निघाले. दोनशे माणूस जेवायला, बोकड कापलेला. मी आप्पासोंना म्हटले की मला नुसते एका बाजूला बसून कोण हात धुतो ते मोजायचे आहे, कुणाला सांगू नका. आप्पासो भला माणूस. पण गुप्त गोष्ट त्यांना पचत नाही. त्यांनी जेवणाआधी देवळापुढे उभे राहून जाहीर केले की साहेब गुपचूप बघणार आहेत, ज्याचा-त्याचा हात सरकारात लिहून जाणार आहे, गावाची अब्रू संभाळा. आणि स्वतःच्या घरातून साबण आणून ठेवला.

त्यानंतर जे झाले ते मी माझ्या डोळ्यांनी बघितले आणि माझ्या पेन्सिलीने लिहिले. पाण्याची आठ पिंपे भरून ठेवली होती. आदल्या दिवशी टँकर आला होता आणि पुढचा परवाशिवाय येणार नव्हता. त्या पिंपांपुढे गाव रांग लावून उभे राहिले. माणसे कोपरापर्यंत हात धुऊ लागली. मी लिहिले की नाही हे वाकून बघू लागली आणि शंका आली की पुन्हा रांगेत लागू लागली. कोंडीबाने हात धुतले, तोंड धुतले, पाय धुतले, आणि म्हणाला, समदं लिवा. हातोहात घासून-घासून साबण चिंचोक्याएवढा झाला. मी इकडे आनंदाने खुणा करतोय. दोनशे बारा माणसांत दोनशे आठ जणांनी साबणाने हात धुतले. राहिलेल्या चौघांत दोन तान्ही पोरे, एक हात मोडलेला म्हातारा आणि एक दगडाबाई. ती बाजूला उभी राहून हे सगळे बघत होती. पिंपांकडे बोट करून ती आप्पासोंना काहीतरी सांगायला गेली, पण त्या दिवशी तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

पंगत बसली. तिखट रस्सा, मे महिन्याचे ऊन. पहिल्या वाढीलाच पाणी मागायला सुरुवात झाली आणि तेव्हा कळले की आठही पिंपे तळाला गेली आहेत. दोनशे माणसांचे हात स्वच्छ आणि घसे कोरडे. गडबड उडाली. कुणीतरी म्हणाले की देवळामागच्या आडाला पाणी आहे, फडक्याने गाळून घ्या, एका जेवणाने काय होतंय. तो आड जनावरांचा. त्याच्या पाण्याला गावातली माणसे तोंड लावत नाहीत, त्यात हिरवे काय आणि पाणी काय हे वेगळे करता येत नाही. पण तहान लागलेली पंगत आणि पाहुण्यांपुढे खाली गेलेली मान ह्यापुढे कुणी विचार केला नाही. पाणी आले, गाळले, वाढले. मीही दोन तांबे प्यालो. दगडाबाई तेवढी न जेवता उठून घरी गेली. लोक म्हणाले, म्हातारी रुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला गाव आडवे झाले.

मी जास्त वर्णन करत नाही. (आक्काला हे पान देऊ नका.) साठ-सत्तर माणसे, पोरे, बाया. सुट्टी असल्यामुळे शाळा मोकळी होती. ज्यांना चालवत होते त्यांनी बाकीच्यांना तिथे आणून टाकले. मी आधीच तिथे राहायला होतो, त्यामुळे मला आणावे लागले नाही. ग्रामपंचायतीचा फोन नेमका बंद, म्हणून तालुक्याला निरोप घेऊन एक जण सायकलवर गेला. डॉक्टर येईतो दिवस जाणार हे सगळ्यांना ठाऊक होते. माझ्या शेजारच्या घोंगडीवर आप्पासोंची आई राहीबाई. वय पंचाहत्तर. दहा वाजेपर्यंत तिचे डोळे आत गेले, जीभ लाकडासारखी झाली, हाक मारली तर ओ देईना. आप्पासो तिच्या पायाशी बसून नुसते तिच्या तळव्यांना हात चोळत होते. काल गावाची अब्रू संभाळा म्हणणारा माणूस तो.

तेव्हा दगडाबाई आली. कालच्या जेवणाची कढई तिने तीन बायांकडून घासून घेतली, आपल्या घरातले रांजणातले चांगले पाणी, जेवढे होते तेवढे, ओतले, आणि चुलीवर तांदळाची पेज चढवली. मीठ घातले, गूळ घातला. व्हरांड्याच्या पायरीशी राखेचे घमेले ठेवले आणि वाटीभर पाणी. आजाऱ्याला हात लावायच्या आधी आणि लावल्यावर, आत येणाऱ्याने आणि बाहेर जाणाऱ्याने, हात चोळायचेच. एका मास्तरांनी मी आताच धुतलेत असे म्हटले तर तिने त्यांना परत पाठवले. आड तिने काट्याने बुजवून घेतला, म्हणजे बाभळीच्या फांद्या टाकायला लावून तोंडच बंद करवले. पाण्याच्या घागरी कुठून-कुठून मागवल्या आणि उकळल्याशिवाय एक थेंब कुणाला दिला नाही.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. राहीबाई आणि दगडाबाई ह्यांचे चौदा वर्षे बोलणे नव्हते. (कारण कोंबडी. सविस्तर भेटीत सांगेन, दोन्ही बाजू ऐकल्या आहेत, दोन्ही पटतात.) दगडाबाई पेजेची वाटी घेऊन राहीबाईच्या उशाशी बसली. म्हातारीने एक डोळा उघडला, कोण आहे ते बघितले आणि तोंड भिंतीकडे फिरवले. मरते आता, राहू दे, असे काहीतरी पुटपुटली. आप्पासो रडायला लागले.

दगडाबाई म्हणाली, "मरायचं आसंल तर पेज पिऊन मर. चुलीवरनं उतरवलीया, वाया जाईल."

आणि तिने म्हातारीचे तोंड आपल्याकडे वळवून पहिला चमचा आत घातला. तो बाहेर आला. तिने पुसले आणि दुसरा घातला. दाजी, त्या दिवशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ती बाई तिथून उठली ती फक्त राखेच्या घमेल्यापर्यंत. एक चमचा, मग मनात दहा आकडे, मग दुसरा चमचा. दर चार माणसांमागे एका धडधाकट बाईला बसवून तिने त्यांनाही तेच करायला लावले. मलाही एक चमचा मिळत होता, आणि मी तो ओकून टाकला की शिवीही. दुपारी चारला राहीबाईने डोळे उघडून पाणी मागितले. आप्पासो उठून बाहेर गेले आणि शाळेच्या घंटेखाली जाऊन उभे राहिले, आत यायला त्यांना बराच वेळ लागला. मी फॉर्म भरायला शिकलेला माणूस, पण तो दिवस मला कुठल्याच रकान्यात घालता येईना.

कुणी गेले नाही. एकही नाही. दुसऱ्या दिवशी जीप आली, तीत एक तरुण डॉक्टर, सलाइनच्या बाटल्या आणि आमचे साहेब. डॉक्टरने राहीबाईची नाडी बघितली, पेजेत काय घातले ते विचारले, आणि म्हणाला की ही बाई नसती तर मला इथे औषध द्यायला नव्हे, पंचनामा करायला यावे लागले असते. आमचे साहेब पायरीवरून थेट आत आले. त्यांना दगडाबाईने बाहेर काढले, घमेले दाखवले, साहेबांनी कोटाच्या बाह्या सावरून राख लावली. मग ते माझ्या घोंगडीशी आले आणि त्यांनी माझ्या प्रकृतीच्या आधी आकडा विचारला.

मी पडल्या-पडल्या म्हटले, दोनशे बारापैकी दोनशे आठ. साहेबांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. अठ्ठ्याण्णव टक्के. सातारा-सांगलीत कुठल्याच गावाने पन्नास ओलांडले नव्हते. मी क्षीण आवाजात सांगितले की साहेब, ह्या धुण्यापायीच पाणी संपले आणि गाव आजारी पडले. साहेबांनी मला समजावले की तसे म्हणता येणार नाही. आजार पाण्यामुळे झाला, आणि पाणी हा दुसऱ्या खात्याचा विषय आहे. आपले खाते मनगटापर्यंत.

मग त्यांनी घरवार फॉर्म चाळले आणि दगडाबाईच्या फॉर्मवर थांबले. 'कधीच नाही' हे उत्तर खटकले. असले एखादे घर सगळ्या गावाची टक्केवारी खाली ओढते, असे ते म्हणाले. मला काय शहाणपण सुचले कुणास ठाऊक, मी म्हटले की हीच ती बाई, जिने सगळ्यांना वाचवले, ती राखेने धुते, राखेला रकाना करू या. साहेब म्हणाले, फॉर्म वरून छापून आलेला आहे. दगडाबाई चुलीशी बसून हे ऐकत होती. रकाना म्हणजे काय, हे तिने एका बाईला विचारून घेतले आणि साहेबांना म्हणाली, "माजं नाव खोडून टाका साहेब. न धुनाऱ्या बाईनं धुनारी मानसं वाचवली आसं वर गेलं, तर तुमचीच बदली हुईल."

साहेब हसले. पण मला तिथे पडल्या-पडल्या शरम वाटली, दाजी, आणि मी ठरवले ते ठरवले. काल उभे राहता येऊ लागल्याबरोबर मी अहवालाच्या शेवटच्या पानावर, जिथे 'शेरा' म्हणून दोन बोटे जागा सोडलेली असते, तिथे सगळे खरे लिहिले. पहिल्या दिवशीचे शंभर टक्के खोटे, दुसऱ्या दिवशीचे शून्य टक्के खोटे, जावळाचे अठ्ठ्याण्णव टक्के माझ्या तिथे बसण्यामुळे, आजार आडाच्या पाण्यामुळे, आणि ह्या गावात स्वच्छ हात म्हणजे काय हे ज्या एकाच व्यक्तीला समजते तिला आपल्या फॉर्मने शून्य गुण दिले आहेत. पाठीमागचे कोरे पानही भरले. तुम्ही फौजेत असताना सांगायचात ना, की खरा रिपोर्ट देणाऱ्याची मान ताठ असते. माझी आज ताठ आहे. (अशक्तपणामुळे थोडी हलते.) नोकरी जाईल. आबांना काय सांगायचे ते आपण दोघे मिळून ठरवू. पण तुमच्या मेहुण्याने तुमचे नाव राखले एवढे मनात असू द्या. आक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जावे.

आपला,
लाला

ता. क. : हे पत्र पाकिटात घालून ठेवले होते, पण इथे तिकीट मिळत नाही आणि पोस्टमन आजारी, त्यामुळे आज तीस तारखेपर्यंत ते माझ्याच उशाखाली राहिले. दरम्यान वर जे मानेविषयी लिहिले आहे त्यात थोडी दुरुस्ती आहे. ऑफिसने मला पेन दिले नव्हते, पेन्सिली दिल्या होत्या, हे मी सांगितलेच आहे. शेरा पेन्सिलीने लिहिला होता आणि अहवाल ऑफिसच्या जीपने गेला (हे पत्र त्या जीपने पाठवण्यातले नव्हते). साहेबांनी फोनवरून कळवले की शेऱ्याची जागा त्यांना कोरी आढळली, फक्त कागद थोडा खरखरीत लागला. ह्यावर मी बोलणार होतो, पण त्याच फोनवर त्यांनी असेही कळवले की खडकीच्या यशाबद्दल माझी नेमणूक कायम करण्याची शिफारस झाली आहे. एकाच वेळी दोन विषयांवर बोलणे मला जमत नाही.

ता. क. दुसरी : पुढचे मूल्यमापन लोणंदला ठरले आहे. मोजणी तुमच्याच आळीपासून सुरू होईल आणि पहिले घर तुमचे येते. (मी मोजून बघितले. कुठूनही मोजले तरी तुमचेच येते असे मोजले आहे.) चौदाव्या प्रश्नाला आळीतल्या सर्वांनी 'नेहमी' असे सांगावे अशी सगळ्यांना माझ्या शब्दाखातर ताकीद द्यावी. कायम होणे अजून शिफारशीवर आहे.

ता. क. तिसरी, आणि मुख्य : वर मी लिहिले आहे की आडाचे पाणी आणा असे 'कुणीतरी' म्हणाले. दाजी, तो मीच. पंगत माझ्याकडे बघत होती, आणि मी सरकारी माणूस म्हणून मोठ्याने हुकूम दिला. माझ्या हुकमावरून लोकांनी आणले, नाहीतर कुणी त्या आडाकडे गेले नसते. गावाला गडबडीत ते आठवत नाही. दगडाबाईला आठवते. तिने ते ना आप्पासोंना सांगितले, ना साहेबांना, ना डॉक्टरला. काल निरोप घ्यायला गेलो तेव्हा तिने मला समोर बसवले आणि म्हणाली, "मला गप बसाय सांगायची तुला लाज वाटंल, म्हनून मीच गप बसते. पर मला एकदा रेल्वे दाव. मी आजून बघितली न्हाई." तेव्हा आम्ही दोघे पुढच्या सोमवारी लोणंदला येत आहोत. ती आठ दिवस तुमच्याकडे राहील. स्टेशनवर तिला तुम्हीच न्या, तुमचा गणवेशातला फोटो मी तिला दाखवला आहे आणि त्यामुळे तिचा तुमच्यावर विश्वास आहे. दारात आल्याबरोबर ती आधी तुमचे हात बघेल, मग आक्काचे. आक्काने रागावू नये, निमूटपणे पुढे करावेत, मीही केले होते. आणि आक्का हल्ली स्टोव्हवर स्वयंपाक करते असे ऐकतो. कृपा करून उद्यापासून चूल पेटवायला सांगा. चार दिवसांची राख साठली पाहिजे.